आबांचे चार दिवस

आमच्या घरात लांब बसण्याची वेळ एका पुरुषावर एकदाच आली, आणि तो पुरुष म्हणजे माझे सासरे. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. सासऱ्यांचेही चार दिवस असतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

ही गंमत कळायला आमच्या घराचा कायदा आधी माहीत असायला हवा. माझं माहेर लांज्याकडचं, भातशेतीवालं. सासर पूर्णगडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा जन्मभर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे आणि जाळं कुठं टाकायचं ते ठरवणारे. आमच्याकडे होडी म्हणजे देव, आणि देव म्हटला की विटाळ आलाच. महिन्याचे चार दिवस घरातल्या बाईनं जाळ्याला शिवायचं नाही. अंगणात जाळं पसरलेलं असलं तर वळसा घालून जायचं. चुलीकडे फिरकायचं नाही. मागच्या पडवीला लागून एक खोली आहे, त्या खोलीत बसायचं. तिथं वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. जेवण आलं की उंबऱ्याच्या आत सरकवलं जायचं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्नानंतर पहिल्यांदा त्या खोलीत बसले तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. सकाळी वर्गात मी पोरापोरींना शरीराची रचना समजावून सांगायची आणि संध्याकाळी घरी येऊन ताट ओढून घ्यायची. शाळेत मी चालत होते, स्वयंपाकघरात चालत नव्हते. नवरा मुंबईला गोदीत कामाला. त्याला फोनवर चांगलं सुनावलं, तर म्हणाला, "तेवढीच विश्रांती मिळते ना, बस की." हे वाक्य ज्या पुरुषानं पहिल्यांदा काढलं असेल त्याला एकदा तिथं बसवायला हवं, असं मला फार वाटायचं. पण खोटं कशाला बोलू, विश्रांती मिळायची. मी पेपर तपासायची, सासूबाई आयतं ताट आणून द्यायच्या. राग यायचा आणि झोपही छान लागायची. मग मला दिवस गेले. सासूबाईंचं वय तर केव्हाच उलटलेलं. खोली रिकामी पडली.

त्याच पावसाळ्यात आबा पडले. मासेमारी बंद होती, होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. वाऱ्यानं तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद उडाला म्हणून तो बांधायला गेले आणि शेवाळावरून पाय सरकला. वाडीतल्या दोघांनी धरून घरी आणलं. पाय टेकवत नव्हता म्हणून रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते. एक्स-रे निघाला. हाड मोडलेलं नव्हतं. आबा लगेच उठायला लागले, पण डॉक्टर फोटो खाली ठेवीनात. उजेडाच्या पेटीवर लावून ते बघतच राहिले. मांडीच्या हाडात, वर खुब्याजवळ, एक जागा इतर हाडासारखी दिसत नव्हती. काचेवर कुणी फुंकर मारावी तशी धुरकट.

"हे आज पडल्यानं झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हे आधीपासूनचं आहे. काय आहे ते बघायला हवं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे पाहिलं. त्यांचे थोरले भाऊ हाडाच्या कॅन्सरनं गेले होते. त्यांचाही आधी पायच दुखायला लागला होता. हे आबांनाच डॉक्टरांना सांगावं लागलं.

सीटी स्कॅन रत्नागिरीतच झाला. तो पाहून डॉक्टर म्हणाले, "मला तरी हे साधंच वाटतंय. पण भावाला तसा आजार होता, यांचं वयही झालंय, तेव्हा अंगातल्या सगळ्या हाडांचा एकदा स्कॅन करून घेऊ. दुसरीकडे कुठं काही नाही ना, एवढंच बघायचंय. त्यासाठी कोल्हापूरला जा." एवढ्या मोठ्या बोलण्यातला घरी पोचला तो एकच शब्द, कोल्हापूर. आमच्याकडे अशी समजूत आहे की कोल्हापूरला धाडलं म्हणजे इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. सासूबाईंनी त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि तिथंच बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "गुडघं धरलंत." गुडघे काही धरलेले नव्हते.

नवरा रजा टाकून आला आणि गाडी करून आबांना घेऊन गेला. मला सहावा महिना, त्यामुळे मी घरीच. आंब्याचा घाट, पाऊस, दुखरा पाय. दिवसभर माझा जीव खालीवर होत होता. दिवेलागणीला गाडी आली तशी मी अंगणात धावले, तर नवऱ्यानं लांबूनच हात आडवा केला. "थांब. आबांच्या जवळ येऊ नको."

झालं होतं ते असं. स्कॅनच्या आधी आबांच्या हाताच्या शिरेत एक औषध टोचलं होतं. ते औषध जाऊन हाडांत बसतं आणि त्यातून किरण निघतात. मशीनला ते दिसतात. जिथं हाडात काही घडामोड चालू असेल तिथं औषध जास्त जमतं. औषध आपोआप निघून जातं, पण तोवर थोडी काळजी घ्यायची. तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, उद्या सकाळपर्यंत गरोदर बाईपासून आणि लहान मुलांपासून लांब राहा, पाणी भरपूर प्या.

आबा छत्री घेऊन अंगणातच उभे. पायरी चढायला तयार नाहीत. सासूबाई दारात आल्या.

"म्हंजे शिवायचां नाय?" त्यांनी मुलाला विचारलं.

"तसंच काहीसं."

"जेवान?"

"लांबून दे."

सासूबाईंनी जराही वेळ घेतला नाही. "मंग मागल्या खोलीत बसूदे. चटई हाय थितं. चार दिवस."

"आई, उद्या सकाळपर्यंतच आहे," मी म्हटलं.

"सकाळपर्यंत डाक्टरचां. ह्या घरात चार दिवसांचां हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टेचा लवलेश नव्हता. विज्ञानाच्या बाईनं इथं आपलं विज्ञान पुढं करायला हवं होतं. पण मला आतून एवढ्या गुदगुल्या होत होत्या की मी गप्प बसले. आणि आबांनी स्वतःच निकाल देऊन टाकला. "बसतंय मी चार दिवस. पोटातल्या पोराला काय झालां तर?" घराच्या मागच्या बाजूनं लंगडत जाऊन ते त्या खोलीत बसले.

पहिल्या सकाळी सगळ्या घराला वेड लागलं होतं. आबांची पक्की समजूत की हे शिवल्यानं लागतं. मी समजावलं की हे दिव्याच्या उजेडासारखं आहे, लांब गेलं की कमी होतं, टॉवेलाला चिकटून राहत नाही. ते मान डोलवायचे आणि टॉवेल उचलून कोपऱ्यात टाकायचे. माझ्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून दारातून मागं सरकायचे. काही हवं असलं की खोकायचे. सासूबाई ताट घेऊन जायच्या, उंबऱ्याशी ठेवायच्या आणि काठीनं आत ढकलायच्या. काठीची काही गरज नव्हती. पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बाई होती ती, तिला कोण बोलणार? शेजारच्या काकी कोयता मागायला आल्या आणि आबा कुठं दिसत नाहीत म्हणाल्या, तर सासूबाईंनी मागच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ह्यांना कावळा शिवलाय." दुपारपर्यंत वाडीभर झालं. आबांनी आतून दोन शिव्या हासडल्या आणि मग त्यांनाच हसू आलं. ते हसू मला पडवीत ऐकू आलं आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले ती पडवीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले. आबा खोलीच्या दारात. त्यांना म्हटलं, "आबा, आता काही उरलेलं नाही तुमच्या अंगात. ते औषध सहा तासांत निम्मं होतं. पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मं."

त्यांनी डोळे बारीक केले. "म्हंजे सुकती. भरती झाली की सहा तास पानी उतरत जातां, तसां."

"तसंच. फक्त ह्या पाण्याला परत भरती नाही."

"मंग कालच खडक उघडं पडलं आसतील," ते म्हणाले.

"मग या की बाहेर."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हनुवटी केली. "तुज्या सासूला आता कुठां गंमत येतेय. र्‍हाऊदे."

मला वाटलं, हा माणूस काही उगाच आयुष्यभर होडीवर माणसं सांभाळत नव्हता. पण तेवढंच कारण नव्हतं, हे थोड्या वेळानं कळलं. पावसाची एक सर आली आणि ते उठून चटई ओढायला लागले. खिडकीतून पाणी थेट आत येत होतं.

"ह्या खिडकीतनां पानी येतां," ते जरा नवलानं म्हणाले.

"येतं."

"कदीपासनां?"

"मी आले तेव्हापासून तर येतंच."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "मी आल्यापासनां येतां."

"मंग कोन बोललां का नाय?"

"आत बसलेली आसताना कोन ऐकनार? नि भायेर आल्यावर ध्यानात र्‍हायचां नाय."

आबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. चटई भिंतीशी नेऊन बसले. पाऊस थांबल्यावर मला म्हणाले, "बाय गो, हितं बसल्यावर मानूस लय इचार करतां. हातात जाळां नाय, कोन जवळ येत नाय. मी आपला भावाचाच इचार करतंय, म्हनून उठावांसां वाटत नाय." मग त्यांनी भावाची सगळी कथा सांगितली. शेवटपर्यंत त्याला कुणी खरं सांगितलं नव्हतं. संधिवात आहे, बरा होईल, असंच सगळे म्हणत राहिले, आबासुद्धा. "त्याला कळलां होतां सगळां. पन आमी खोटां बोलतोव म्हनून त्याला पन खोटां बोलावां लागलां. माझ्या रिपोटात काय येल तां पयलां मला सांगायचां. तू सांग. पोरगा नाय सांगनार, तो आईवर गेलाय."

मी हो म्हटलं. म्हणताना पोटात बाळ हललं आणि मला भीती वाटली, त्या हो म्हणण्याचीच.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या फोनवर आला. त्यानं तो वाचला आणि फोन माझ्या हातात देऊन विहिरीकडे निघून गेला. विहिरीकडे त्याचं काही काम नव्हतं. इंग्रजी होतं, मला कळण्यासारखं होतं, आणि जेवढं कळलं त्यानं मी घाबरले. मांडीच्या हाडात, त्याच जागी, औषध भरपूर जमलं होतं. म्हणजे तिथं काहीतरी चालू होतं. बाकी सगळा सांगाडा स्वच्छ. खाली एक लांबलचक नाव होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं की सीटीशी जुळवून पाहावं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते.

एक रात्र काही सांगितलं नाही तर काय बिघडेल, असं मनात आलं. उद्या डॉक्टरच सांगतील. सासूबाई तर म्हणाल्याच, "नको बोलू आज, जेवूदे त्यांना." पण मी हो म्हटलं होतं. मी दारापाशी गेले, पडवीच्या टोकाला नाही, अगदी दारापाशी, आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "आबा, रिपोर्ट आला. एका ठिकाणी औषध जास्त जमलंय, जिथं डाग आहे तिथंच. बाकी अंगात कुठंही नाही. त्याचा अर्थ काय, ते मला कळत नाही. उद्या डॉक्टर सांगतील."

"एकाच ठिकानी?"

"एकाच."

"भावाचां सगळीकडं व्हतां," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घाबरलीस?"

"हो."

"मी पन," असं म्हणून त्यांनी ताट ओढलं आणि जेवले. भात परत मागून घेतला. काठीनं न ढकलता सासूबाईंनी तो वाढला.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मागच्या अंगणात पाणी तापवलं आणि आबांना डोक्यावरून आंघोळ घातली. मग आम्ही चौघंही रत्नागिरीला निघालो. गाडीत आबा माझ्या शेजारी बसले, मात्र मधे त्यांनी आपली पिशवी ठेवली.

डॉक्टरांनी सीटी संगणकावर लावला आणि शेजारी कोल्हापूरचा फोटो. त्यात आबांचा अख्खा सांगाडा उभा होता, राखाडी, आणि मांडीच्या वरच्या टोकाला एक काळाकुट्ट ठिपका. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर त्या ठिपक्याकडे न जाता आधी सीटीकडे वळले. "ही जागा बघा. घासलेल्या काचेसारखी दिसते ना? गुळगुळीत, एकसारखी, आणि भोवती जाड कड. हाडाला कुठं खाल्लेलं नाही. हाच या गोष्टीचा चेहरा असतो. म्हणून सुई घालून तुकडा काढायचीसुद्धा गरज नाही." त्यांनी नाव सांगितलं, फायब्रस डिसप्लेशिया. रिपोर्टातलं लांबलचक नाव तेच होतं. "हा कॅन्सर नाही. हाड वाढत असतानाच त्या जागी हाडाऐवजी तंतू भरले गेले. बहुतेक लहानपणापासून तसंच आहे. त्या जागी घडामोड चालू असते म्हणून औषध तिथं जमलं. ते जमणारच होतं. दुसरीकडे कुठं नाही, हे आपल्याला बघायचं होतं आणि ते बघून झालं."

आबा पुढं वाकून बघत होते. "म्हंजे चिऱ्याच्या भिंतीत एके ठिकानी चिऱ्याच्या जागी काथ्या भरलाय."

डॉक्टर हसले. "तसं म्हणा."

"मंग घर पडंल काय?"

"जपलंत तर नाही. होडीचा नांगर ओढायचा नाही, जड उचलायचं नाही, शेवाळावर तर जायचंच नाही. वर्षातून एकदा फोटो काढू. दुखायला लागलं तर लगेच यायचं."

"म्हंजे जलमल्यापासनां हाय नि मला म्हायतच नाय," आबा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्मा बराच वेळ पुसत होते. सासूबाई मात्र तिथंच, डॉक्टरांसमोर, रडायला लागल्या आणि आबांनाच दटावायला लागल्या की होडीवर एवढी ओझी कशाला उचललीत. डॉक्टरांनी पाणी मागवलं.

परत येताना भाट्याला गाडी थांबवली. चहा प्यालो, भजी खाल्ली. आबांनी दोन प्लेट संपवल्या आणि तिसरीसाठी माझ्याकडे बघितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भिंतीत काथ्या हाय, पोटात नाय." मी इतकी हसले की मला गाडीत जाऊन बसावं लागलं. त्या दिवशी मला जेवढं सुखी वाटलं तेवढं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. नवऱ्याला हे सांगितलंय, तो रागावला नाही.

पुढं दोन महिन्यांत आबांनी मागच्या खोलीच्या खिडकीवर पत्रा ठोकून घेतला. त्यामुळे कुणाला वाटेल की घराचा कायदा बदलला. तसं काही झालं नाही. जाळ्याला आणि होडीला आजही मी त्या दिवसांत शिवत नाही, आबा ऐकत नाहीत आणि मीही आता भांडत नाही. खोलीत बसायचं मात्र बंद झालं. कुणी जाहीर केलं नाही. बाळंतपणानंतर महिन्याचे दिवस परत सुरू झाले तेव्हा मी चटई काढायला गेले, तर सासूबाईंनी ती सुक्या मासळीच्या टोपलीवर झाकलेली होती.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. दिवाळीनंतर रत्नागिरीत मला मुलगी झाली. आमच्याकडे मूल झालं की दहा दिवस सोयर. सुईण आणि सांभाळणारी बाई सोडून बाळ-बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही. आबांनी आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पहिल्यांदा हातात घेतलं ते अकराव्या दिवशी. नवरा मुंबईहून निघालेला होता, अजून पोचला नव्हता. दवाखान्यात सासूबाई माझ्या उशाशी. आबा एसटीनं एकटेच आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले, हातात काठी, चप्पल बाहेर काढून.

"बगा थितनांच," सासूबाई म्हणाल्या. "धा दिवस शिवायचां नाय."

आबा आत आले. खुर्चीवर बसले, काठी भिंतीला टेकवली आणि हात पुढे केले.

"मी चार दिवस बसलेलंय," ते म्हणाले. "कोन शिवत नाय तवा कसां वाटतां, तां मला म्हायत हाय. हिला कशाला तां?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच पोरीला उचलून त्यांच्या हातात दिलं आणि डोकं कसं धरायचं ते दाखवत बसल्या. आबांना ते येत नव्हतं. इतक्या लहान मुलाला त्यांनी कधी हातातच घेतलं नव्हतं.